कडी हाताला लागली पाहिजे

(मंडळाच्या श्रावणातील सभासद मेळाव्यात संकेतस्थळ समितीच्या वतीनं केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चौघं मंडळाच्या संकेतस्थळाचं काम बघतो. दरवर्षी आमचा अहवाल पाच मिनिटांत आटोपतो आणि मंडळी पोह्यांकडे वळतात. यंदा आम्ही अध्यक्षांकडून वीस मिनिटं मागून घेतली. एक चूक कबूल करायची आहे, ती कशी सुधारली ते सांगायचं आहे आणि शेवटी आपल्या सर्वांकडे एक मागणी करायची आहे.

आपल्या सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी काही वर्षांपूर्वी आपण उतार बांधला. तेव्हा 'दोन-चार माणसांसाठी एवढा खर्च कशाला' असं म्हणणारेही होते. आज त्या उतारावरून चाकाच्या खुर्च्या जातातच, पण बाबागाड्याही जातात, गुडघे दुखणाऱ्या काकू जातात, केटररची चहाची टाकी जाते आणि गणेशचतुर्थीला हातगाडीवरून मूर्तीही तिथूनच आत येते. आता त्या खर्चाबद्दल कुणी बोलत नाही.

ज्या मंडळानं तो उतार बांधला, त्याच मंडळाचं संकेतस्थळ आम्ही नव्यानं केलं आणि तिथे मात्र नुसत्या पायऱ्याच बांधल्या. हे आमच्या लक्षातही आलं नाही, कारण आम्हा चौघांना त्या पायऱ्या चढता येत होत्या.

गेल्या गणेशोत्सवात एके दिवशी सकाळच्या अथर्वशीर्ष आवर्तनाची वेळ बदलली. साडेसातचं आवर्तन साडेसहाला ठेवलं. आम्ही सुंदर चौकट काढून, मोदकाचं चित्र घालून सूचनेची एक प्रतिमा तयार केली. ती संकेतस्थळावर टाकली आणि मोबाईलवरच्या गटातही पाठवली. त्या दिवशी आपले एक ज्येष्ठ सभासद सव्वासातला सोवळं नेसून आले, तेव्हा प्रसाद वाटणं चालू होतं. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं या सभागृहात आवर्तन सांगितलं, ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाच मिनिटं बसले आणि निघून गेले. कुणालाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी आमच्यातल्या एकीला बाजूला घेऊन सांगितलं, "काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेलीय. फोन बोलतो, त्यावर ते सगळं ऐकतात. तुमची सूचना फोननं वाचलीच नाही."

ते खरंच होतं. दृष्टी गेलेली माणसं फोन वापरतात ती स्क्रीन रीडर नावाच्या सोयीमुळे. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते हा प्रोग्राम मोठ्यानं वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये त्याला टॉकबॅक म्हणतात, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. संगणकासाठी एनव्हीडीए हा प्रोग्राम फुकट मिळतो. ही सगळी साधनं अक्षरं वाचतात. चित्रात रंगवलेली अक्षरं त्यांच्या लेखी नुसतं चित्र असतं. काही नव्या फोनना चित्रातला मजकूर थोडाफार ओळखता येतो, पण आमच्या वेलबुट्टीतल्या देवनागरीपुढे काकांच्या फोननं हात टेकले होते.

आम्ही काकांच्या घरी गेलो. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चहा मागवला. आम्ही म्हटलं, "काका, आमच्यासमोर तुम्ही संकेतस्थळ उघडा आणि उद्याचा कार्यक्रम शोधा. आम्ही मध्ये बोलणार नाही." ही अट पाळणं फार अवघड गेलं. दहा-बारा मिनिटं ते बोट फिरवत होते. फोन म्हणे, "बटन, लेबल नाही." पुन्हा, "बटन, लेबल नाही." मग "इथे क्लिक करा, लिंक", पुन्हा "इथे क्लिक करा, लिंक". शेवटी काकांनी फोन खाली ठेवला आणि हसून म्हणाले, "घर छान असेल तुमचं. दार आहे हेही कळतंय. पण कडी कुठे आहे ते हाताला लागत नाही."

त्या दिवशी आम्ही घरी परतलो ते वेगळ्याच डोळ्यांनी संकेतस्थळ बघायचं ठरवून. त्यानंतर कंपवात असलेल्या एका मावशींबरोबर, रंग नीट न ओळखणाऱ्या एका काकांबरोबर, कमी ऐकू येणाऱ्या एका आजींबरोबर आणि मराठी बोलणाऱ्या पण मराठी वाचायचा कंटाळा करणाऱ्या कॉलेजच्या मुलांबरोबर आम्ही असेच बसलो. काय काय सापडलं ते सांगतो.

पहिली गोष्ट नावांची. आमच्या मेनूत नऊ शब्द होते. 'स्पंदन', 'वारसा', 'दालन', 'संवाद', 'क्षणचित्रे' अशी गोड नावं आम्ही एक अख्खी संध्याकाळ बसून ठरवली होती. गणेशोत्सवाचा कार्यक्रम 'स्पंदन'मध्ये होता. हे एकालाही ओळखता आलं नाही, डोळे चांगले असलेल्यांनाही नाही. आता मेनूत सहाच नावं आहेत: गणेशोत्सवाचा कार्यक्रम, वाचनालय, वर्गणी आणि पावती, छायाचित्रं, मंडळाविषयी, संपर्क. नाव वाचलं की आत काय मिळेल ते कळलं पाहिजे. शिवाय ही सहा नावं प्रत्येक पानावर त्याच जागी आणि त्याच क्रमानं येतात. आपल्या घरात मीठ रोज त्याच फडताळात असतं म्हणून दिवे गेले तरी हाताला लागतं, तसंच हे आहे.

दुसरी गोष्ट त्या तीन आडव्या रेघांची. मोबाईलवर मेनू उघडायला कोपऱ्यात तीन रेघा असतात. डोळ्यांनी बघणाऱ्याला सवयीनं कळतं. स्क्रीन रीडरला मात्र त्या बटनाचं नाव आतून लिहून द्यावं लागतं. ते आम्ही दिलं नव्हतं, म्हणून काकांना "लेबल नाही" ऐकू येत होतं. आता तिथे 'मेनू' असा शब्द आहे, आणि मेनू उघडा आहे की बंद तेही फोन सांगतो. सत्तरीच्या पुढच्या कितीतरी सभासदांनी, ज्यांची दृष्टी उत्तम आहे, आम्हाला सांगितलं की त्या रेघा म्हणजे मेनू हे त्यांना आजच कळलं.

तिसरी गोष्ट 'इथे क्लिक करा'ची. स्क्रीन रीडर वापरणारे लोक पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत नाहीत. आपण जसे वर्तमानपत्राचे मथळे चाळतो तसे ते मथळे ऐकत पुढे जातात, किंवा पानावरच्या सगळ्या लिंकची यादी मागवतात. आमच्या यादीत सात वेळा 'इथे क्लिक करा' होतं. इथे म्हणजे कुठे? आता तिथे 'वर्गणी भरा', 'पाककृती स्पर्धेचा अर्ज', 'वाचनालयाच्या वेळा' असं लिहिलेलं आहे. मथळ्यांचंही तेच झालं होतं. आम्ही अक्षरं मोठी आणि ठळक करून मथळे 'दाखवले' होते, पण आतून ते मथळे म्हणून नोंदवलेच नव्हते. डोळ्यांना मथळा दिसे, कानांना नाही. आता ते नोंदवले आहेत. शिवाय प्रत्येक पानाच्या सुरुवातीला 'मुख्य मजकुराकडे जा' अशी लिंक आहे, म्हणजे दर पानावर तीच सहा नावं पुन्हा ऐकावी लागत नाहीत.

चौथी गोष्ट हातांची. कंपवात असलेल्या मावशींना माऊस धरता येत नाही. त्या कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत एकेक पाऊल पुढे जातात. आमचा उपमेनू माऊस वर नेला तरच उघडायचा, म्हणजे त्यांच्यासाठी तो नव्हताच. त्यातून, आपण या क्षणी कुठल्या लिंकवर आहोत हे दाखवणारी चौकट आम्ही 'बरी दिसत नाही' म्हणून काढून टाकली होती. अंधारात चालणाऱ्याच्या हातातला कंदील काढून घेण्यासारखंच होतं ते. चौकट परत आली, उपमेनू कीबोर्डनं उघडू लागला आणि बटनं मोठी झाली, एकमेकांपासून लांबही झाली. मोबाईलवर मावशींचं बोट 'संपर्क'ऐवजी 'वर्गणी'वर पडायचं, ते थांबलं.

पाचवी गोष्ट रंगांची, आणि इथे आमचा अभिमान दुखावला. पांढऱ्यावर केशरी अक्षरं हे मंडळाचं रूप. पण मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, आणि साध्या मजकुराला किमान ४.५ हवा. आमचा केशरी भरला २.१. मोतीबिंदू असलेल्या माणसाला, किंवा भर दुपारी राजवाड्यापाशी उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्या कुणालाही, तो दिसणार कसा? आता अक्षरं गडद मरून आहेत, त्यांचा आकडा ११च्या आसपास आहे. केशरी पट्टीपुरता उरला. होणारे कार्यक्रम हिरवे आणि रद्द झालेले लाल अशीही आमची युक्ती होती. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या काकांना दोन्ही सारखेच दिसले. आता 'रद्द' हा शब्दच लिहिलेला असतो. पहिल्या पानावर अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची छायाचित्रं आपोआप सरकत होती, त्यांच्याखाली 'थांबवा' असं बटन आलं. कमी ऐकू येणाऱ्या आजींसाठी बोललेल्या सूचनेखाली ती लिहूनही येते.

सहावी गोष्ट आपल्या भाषेची. ती मराठी माणसाला, आणि त्यातही इंदूरच्या मराठी माणसाला, जास्त लागणारी आहे. प्रत्येक पानाच्या आत, कुणाला दिसत नाही अशा जागी, त्या पानाची भाषा लिहिलेली असते. आम्ही तयार साचा घेतला होता, त्यात भाषा 'इंग्रजी' अशी होती. ती बदलायची आम्हाला आठवण राहिली नाही. मराठी आणि हिंदी दोन्हींची लिपी देवनागरी, तेव्हा अक्षरांवरून यंत्राला भाषा कळत नाही. काकांचा फोन हिंदीत होता, म्हणून त्यानं आपली मराठी हिंदी आवाजात वाचली. 'चहा'तला च 'चाय'मधल्या चसारखा झाला आणि 'जमाखर्च' ओळखू येईना. काका म्हणाले, "आपलंच मंडळ आपल्याशी परक्यासारखं बोलतंय असं वाटतं." एका ओळीत एक छोटा बदल केला, 'ही मराठी आहे' असं पानाला सांगितलं, फोनमध्ये मराठी आवाज उतरवून घेतला, आणि तेच पान मराठी बोलू लागलं. पाच-सहा पिढ्या माळव्यात राहून आपण मराठी टिकवल्याचं व्यासपीठावरून सांगतो. आमच्या संकेतस्थळानं मात्र आपली भाषा इंग्रजी म्हणून नोंदवली होती.

भाषेचीच आणखी एक बाजू. शोधण्याच्या चौकटीत कुणी 'कीर्तन' लिहितं, कुणी 'किर्तन'. आमची मुलं हिंदी-इंग्रजी माध्यमात शिकलेली, त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर आपण घरी हसतो, पण शोधताना त्यांना रिकाम्या हाती परत पाठवणं बरं नाही. आता दोन्ही चालतं. आणि जुन्या स्मरणिका? आम्ही त्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बऱ्याच स्मरणिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी आहे. शोधलं तर सापडत नाही, ऐकलं तर अर्थ लागत नाही. त्या बदलण्याचं काम मोठं आहे, त्यासाठी हात हवे आहेत. ज्यांना मराठी टाइप करता येतं त्यांनी महिन्यातून दोन तास द्यावेत, ही विनंती.

हे सगळं आम्ही मनानं शोधून काढलं असं कृपया समजू नका. वेबचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, डब्ल्यू थ्री सीनं, यासाठीची पहिली मार्गदर्शक तत्त्वं १९९९ साली प्रसिद्ध केली. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये आली. त्यांचं सार चार गोष्टींत आहे: मजकूर डोळ्यांनी किंवा कानांनी, कसा का होईना, पोचला पाहिजे, वापरता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि वेगवेगळ्या साधनांत टिकला पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनंही सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं असं सांगतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सोयी सर्वांना वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. तेव्हा हा दयेचा विषय नाही. काका वर्गणी देतात तशीच आपणही देतो. सूचना वाचण्याचा त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे.

आणि आज हे काका आहेत, उद्या आपण असू. आम्हा चौघांपैकी दोघांना आता जवळचा चष्मा लागला आहे.

आपल्या संस्थांची, दुकानांची, शाळांची संकेतस्थळं असतील तर घरच्या घरी चार गोष्टी करून बघा. माऊस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या कळीनं हवं तिथे पोचता येतं का पाहा. अक्षरं दुप्पट मोठी करा आणि मजकूर कापला जातो का बघा. फोन भर उन्हात धरा. शेवटी सेटिंगमधल्या अॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि बोट उजवीकडे सरकवत पुढे जा. एक सावधगिरी: टॉकबॅक चालू असताना एकदा टेकवलं की फोन फक्त नाव सांगतो, उघडायला दोनदा टेकवावं लागतं. बंद कसं करायचं ते आधी वाचून ठेवा. आमच्यातल्या एकाला त्याच्या नातीला बोलवावं लागलं होतं. पण या सगळ्यापेक्षा मोठी परीक्षा एकच, ज्याला अडचण आहे त्याच्या शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं.

आता मागणी. पुढल्या वर्षापासून छापील परिपत्रक बंद करून सगळ्या सूचना फक्त संकेतस्थळावर द्याव्यात असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. कागद आणि टपाल यांचा खर्च वाचेल हे खरं. संकेतस्थळाचं काम बघणारे आम्हीच हा ठराव मंजूर करू नका असं म्हणतो, याचं काहींना नवल वाटेल. पण आमचं काम पुरं झालेलं नाही. वर्गणी भरण्याचं पान बाहेरच्या सेवेचं आहे. तिथे संदेशातला कोड ऐकून तो टाकेपर्यंत मुदत संपते, आणि ते आमच्या हातात नाही. काकांची वर्गणी आजही घरी जाऊनच आणावी लागते. तेव्हा तीन गोष्टी मान्य कराव्यात. एक, परिपत्रक आणि सभागृहाबाहेरचा फळा चालू राहावा, आणि ज्यांना हवं असेल त्यांना फोन करून सूचना सांगितली जावी. दोन, मंडळाची कुठलीही सूचना नुसत्या चित्रात जाऊ नये. चित्र खुशाल काढा, पण खाली तोच मजकूर टाइप करा. तीन, संकेतस्थळात कोणताही बदल करण्याआधी तो किमान दोन अशा सभासदांनी वापरून बघावा ज्यांची नजर, कान किंवा हात साथ देत नाहीत. त्यांना आम्ही सल्लागार म्हणून समितीत घ्यायला तयार आहोत. काकांनी होकार दिला आहे.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा काकांकडे गेलो. तोच फोन, तीच खुर्ची. म्हटलं, "काका, यंदाच्या आवर्तनाची वेळ शोधा." त्यांनी फोन हातात घेतला, मथळ्यांवरून दोन-तीनदा बोट सरकवलं. फोन मराठीत म्हणाला, "अथर्वशीर्ष आवर्तन, सकाळी साडेसहा." मिनिटभरही लागलं नाही. काकूंनी पदरानं डोळे टिपले. काका आम्हाला एवढंच म्हणाले, "साडेसहा म्हणजे साडेसहाला सुरू करा. गेल्या वर्षीसारखी पुन्हा वेळ बदलू नका."

यंदा ते पहिल्या दिवशी सव्वासहाला उताराच्या कठड्याला धरून एकटे आत येतील. आपण सर्वांनी त्याच्या आधी हजर राहावं, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!